माइल्सवर काढलेले स्वस्त विमान तिकीट विकत घेण्यापूर्वी

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या माझ्या साडूंनी दादरच्या एका ओळखीच्या तिकीटवाल्याकडून बिझनेस क्लासची दोन परतीची तिकिटे घेतली होती. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या दराच्या जेमतेम साठ टक्के रकमेत ती मिळाली, म्हणून घरात कौतुकही झाले. जाणे सुरळीत पार पडले. तीन महिन्यांनी परतीच्या आदल्या रात्री ते वेब चेक-इन करायला बसले, तेव्हा त्यांचा पीएनआर कुठेच सापडेना. कंपनीला फोन केल्यावर कळले की ज्या सदस्याच्या खात्यातील माइल्सवर, म्हणजे विमान कंपनी नियमित प्रवाशांना देते त्या, तिकिटासाठी वापरता येणाऱ्या गुणांवर, ही तिकिटे काढली होती त्याचे खाते कंपनीने बंद केले असून त्या खात्यातून निघालेली सर्व तिकिटे रद्द झाली आहेत. त्या सदस्याचे नाव साडूंनी आयुष्यात प्रथमच ऐकले. मुंबईत तिकीटवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, “काका, जाताना तर व्यवस्थित बसलात ना?”

या उत्तरात तिकीटवाल्याचा बनेलपणा आहेच, पण या व्यवहाराचे खरे स्वरूपही आहे. त्याने विकलेली वस्तू त्याच्या मालकीची नव्हती आणि विकत घेतल्यानंतर ती साडूंच्या मालकीचीही झाली नव्हती. तिकिटावर प्रवाशाचे नाव असते, पण त्याचा लगाम तिसऱ्याच माणसाच्या खात्यात असतो. पुढचे सर्व धोके या एका गोष्टीतून निघतात, म्हणून आधी ती नीट समजून घेऊ.

असे तिकीट तयार कसे होते

अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये आपला ॲडव्हांटेज कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून नियमित प्रवाशांना माइल्स देण्याची पद्धत जगभर रुळली. आपल्याकडे एअर इंडियाचा पूर्वीचा फ्लाइंग रिटर्न्स आणि आताचा महाराजा क्लब, सिंगापूर एअरलाइन्सचा क्रिसफ्लायर, एमिरेट्सचा स्कायवर्ड्स ही नावे परिचित आहेत. पूर्वी माइल्स मिळायचे ते प्रत्यक्ष उड्डाण केल्यावर. आता मुंबईतील अनेकांचे माइल्स विमानात न बसताच जमतात, कारण बऱ्याच बँकांच्या क्रेडिट कार्डांचे रिवॉर्ड पॉइंट विमान कंपन्यांच्या कार्यक्रमांत वळवता येतात. ज्या व्यापाऱ्याचा सगळा माल कार्डावर येतो, त्याच्याकडे वर्षाकाठी एवढे पॉइंट साठतात की घरातील माणसांनी कितीही प्रवास केला तरी ते संपत नाहीत.

अशा माणसाकडे दलाल पोहोचतो. तो त्याचे माइल्स ठरावीक भावाने घेतो, म्हणजे प्रत्यक्षात त्या खात्याचा पासवर्डच ताब्यात घेतो. मग गिऱ्हाईक मिळाले की त्या खात्यातून गिऱ्हाइकाच्या नावाने तिकीट काढतो, विमानतळ शुल्क आणि कर एखाद्या कार्डाने भरतो आणि ई-तिकीट गिऱ्हाइकाला पाठवतो. एक लक्षात घ्यावे, की हे तिकीट बनावट नसते. कंपनीच्या प्रणालीत ते नोंदलेले असते, त्याला क्रमांक असतो, आसनही मिळते. त्यामुळेच घेणाऱ्याला संशय येत नाही आणि बहुतेक वेळा प्रवासही पार पडतो. दलालाकडे समाधानी गिऱ्हाइकांची यादी असते आणि ती खोटी नसते.

अडचण कराराची आहे. जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाच्या अटींत माइल्स किंवा त्यांवर काढलेली तिकिटे पैसे घेऊन विकण्यास किंवा त्यांची अदलाबदल करण्यास मनाई असते. तसे आढळल्यास सदस्यत्व रद्द करण्याचा, उरलेले माइल्स जप्त करण्याचा आणि काढलेली तिकिटे रद्द करण्याचा अधिकार कंपनी स्वतःकडे ठेवते. भेट म्हणून नातेवाइकाचे तिकीट काढायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते. मध्ये पैसे आले की तीच भेट अटींच्या भाषेत विक्री ठरते. माइल्स ही सदस्याची मालमत्ता नसून कंपनीने दिलेली सवलत आहे, असेही या अटींत बहुधा स्पष्ट लिहिलेले असते. या अटी किती कंपनीधार्जिण्या असतात याचा अंदाज अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निकाली काढलेल्या नॉर्थवेस्ट विरुद्ध गिन्सबर्ग या खटल्यावरून येतो. नॉर्थवेस्ट या विमान कंपनीने वरच्या श्रेणीतील एका सदस्याचे सदस्यत्व काढून घेतले होते. करारात गृहीत धरल्या जाणाऱ्या सद्भावनेच्या तत्त्वाचा आधार घेऊन त्याने केलेला दावा टिकला नाही. तेथे स्वतः सदस्यालाच दाद मिळाली नाही, तर त्याच्याकडून दलालाने आणि दलालाकडून आपण घेतलेल्या तिकिटाची बाजू किती लंगडी असेल, हे वेगळे सांगायला नको.

पहिली पायरी: समोर आलेले तिकीट कोणत्या जातीचे आहे ते ओळखणे

विक्रेता आपण होऊन “हे माइल्सचे तिकीट आहे” असे फारसे सांगत नाही. तो “कॉर्पोरेट दर”, “खास कोटा”, “ग्रुप फेअर” असे शब्द वापरतो. खरे कॉर्पोरेट आणि ग्रुप दर असतात, पण ते निम्म्यावर क्वचितच येतात आणि बिझनेस किंवा फर्स्ट क्लासमध्ये तर जवळजवळ नाहीच. इकॉनॉमीमध्ये दहा-पंधरा टक्के सवलत दिसली तर ती नेहमीच्या व्यवहारातली असू शकते. मुंबई–लंडन बिझनेस क्लास चाळीस टक्के कमी दराने आणि तोही ऐन मे महिन्याच्या सुट्टीत मिळत असेल, तर ते तिकीट माइल्सचे असल्याचे गृहीत धरूनच बोलणे सुरू करावे.

विक्रेत्याची एक सवय तर हमखास खूण आहे. तो आधी प्रवासाच्या तारखा विचारतो आणि मग एका ठरावीक कंपनीची ठरावीक विमानेच सुचवतो, कधी सरळ विमान सोडून आडवळणाने नेणारी. माइल्सवर मिळणाऱ्या जागा मोजक्या असतात, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या सोयीप्रमाणे विमान निवडण्याची मोकळीक त्याला नसते. “आजच्या आज सांगा, जागा जातील” ही घाईसुद्धा याच कारणाने असते. या वेळी ती खरीही असते.

तिकीट हातात आले असेल तर पावती बारकाईने वाचावी. ई-तिकिटाचा क्रमांक तेरा आकड्यांचा असतो आणि त्याचे पहिले तीन आकडे तिकीट कोणत्या कंपनीने काढले ते सांगतात. एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६, सिंगापूर एअरलाइन्सचे ६१८, ब्रिटिश एअरवेजचे १२५. प्रवास एका कंपनीच्या विमानाने आणि तिकिटाचे आकडे भलत्याच देशातील भागीदार कंपनीचे, असे दिसले तर तिकीट भागीदार कंपनीच्या माइल्सवर काढलेले असण्याची दाट शक्यता असते. एवढ्यावरून मात्र खात्री होत नाही, कारण रोख पैशांची तिकिटेही भागीदार कंपनी काढू शकते. म्हणून भाड्याचा रकाना पाहावा. मूळ भाडे शून्य किंवा कोरे आणि खाली फक्त कर व शुल्क असतील, किंवा रुपयांऐवजी माइल्सचा आकडा असेल, तर शंका उरत नाही. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाच्या भागीदार तिकिटांत आणखी एक खूण मिळते. तेथे माइल्सच्या इकॉनॉमी तिकिटाला साधारणपणे एक्स, बिझनेसला आय आणि फर्स्टला ओ हे बुकिंग क्लासचे अक्षर असते.

विक्रेत्याने पावती न देता फक्त पीएनआर आणि विमानांच्या वेळा लिहिलेला स्वतःच्या लेटरहेडचा कागद दिला, तर तो कागद घेऊ नये. पीएनआर म्हणजे नुसते आरक्षण. तिकीट क्रमांक पडेपर्यंत ते तिकीट झालेले नसते, आणि काही आरक्षणे पैसे न भरता एक-दोन दिवस धरून ठेवता येतात. गिऱ्हाइकाला पीएनआर दाखवायचा, त्याने कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतःचे नाव पाहून खुशीत पैसे भरायचे आणि दुसऱ्या दिवशी आरक्षण आपोआप गळून पडायचे, अशी साधी फसवणूक यातून होते. यात माइल्ससुद्धा खर्च होत नाहीत.

दुसरी पायरी: काय काय बिघडू शकते ते आधीच मोजणे

सर्वांत मोठा धोका रद्द होण्याचा आहे आणि तो दोन वाटांनी येतो. पहिली वाट कंपनीच्या तपासणीची. एकाच खात्यातून आडनावांशी, पत्त्याशी, शहराशी कसलाही संबंध नसलेल्या दहा-बारा प्रवाशांची महागडी तिकिटे निघाली, तर ती गोष्ट कंपनीच्या संगणकाला सहज दिसते. ठाण्यातल्या एका औषध व्यापाऱ्याच्या खात्यातून एकाच महिन्यात लुधियाना, कोची आणि गुवाहाटीच्या कुटुंबांची बिझनेस क्लासची तिकिटे निघणे कोणालाही खटकेल. खाते गोठले की त्यातली न वापरलेली सगळी तिकिटे गोठतात. तपासणी कधी होईल ते कोणालाच सांगता येत नाही, म्हणून परतीच्या प्रवासाला धोका अधिक. जाण्याचे तिकीट काढल्यापासून काही दिवसांत वापरले जाते, परतीचे मात्र महिनोन्महिने तसेच पडून असते. साडूंच्या बाबतीत झाले ते यामुळेच.

दुसरी वाट अधिक वाईट आहे. दलालाकडचे माइल्स प्रत्येक वेळी विकत घेतलेले असतात असे नाही, काही चोरलेले असतात. लोक माइल्सच्या खात्यात महिनोन्महिने डोकावत नाहीत आणि बँकेसाठी वापरतात तेवढा जपून पासवर्ड तेथे ठेवत नाहीत. मार्च २०१५ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या हजारो सदस्यांच्या खात्यांत परक्यांनी शिरकाव केल्याचे उघड झाले होते. एअर इंडियाच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती फुटल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. त्यात काहींचे फ्लाइंग रिटर्न्सचे क्रमांकही होते, पासवर्ड मात्र नव्हते. खऱ्या सदस्याला माइल्स गेल्याचे लक्षात आले की तो तक्रार करतो, कंपनी तिकीट रद्द करते आणि त्या तिकिटावर नाव असते आपले. कर भरण्यासाठी वापरलेले कार्ड चोरीचे असले तरी परिणाम हाच होतो. चोरलेल्या कार्डांवर काढलेली तिकिटे पकडण्यासाठी युरोपोल ही युरोपीय संघाची पोलीस संस्था अनेक वर्षांपासून विमान कंपन्यांसह संयुक्त मोहिमा राबवते आणि अशा वेळी विमानतळावर अडवला जातो तो प्रवासीच. आपण पैसे देऊन प्रामाणिकपणे तिकीट घेतले हे तेथे, परक्या देशात, कागदपत्रांनिशी पटवून द्यावे लागते. आणि कागद म्हणून आपल्याकडे काय असते, तर व्हॉट्सॲपवरील संभाषण.

तिकीट रद्द न होताही माणूस अडकतो, आणि याचा विचार लोक सहसा करत नाहीत. समजा कंपनीने आपण होऊन उड्डाण रद्द केले. नियमाप्रमाणे परतावा मिळतो, पण तो ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत जातो. माइल्स जातात मूळ सदस्याच्या खात्यात, कर जातो ज्या कार्डाने भरला त्या कार्डावर, आणि आपण दलालाला दिलेल्या लाख-दीड लाखांचा कंपनीच्या वहीत कुठेही उल्लेखच नसतो. मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय उड्डाणे थांबली तेव्हा माइल्सवर तिकिटे काढलेल्या सदस्यांना आपापल्या खात्यात माइल्स परत मिळाले. दलालाकडून तिकीट घेतलेल्यांचे पैसे मात्र सर्वस्वी दलालाच्या मर्जीवर राहिले. त्याआधी १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची विमाने जमिनीवर आली, तेव्हाही स्वतःच्या क्रेडिट कार्डाने तिकीट काढणाऱ्याला निदान बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेली रक्कम परत, मागण्याची वाट होती. रोख रकमेने किंवा यूपीआयने दलालाला पैसे देणाऱ्याला ती नसते.

तारीख बदलायची असेल तरीही हेच. आजारपण आले, व्हिसा लांबला, दहाव्या-तेराव्यासाठी थांबावे लागले, आणि कंपनीला फोन केला, तर पलीकडचा कर्मचारी सदस्य क्रमांक विचारतो, खात्यावर नोंदलेला मोबाइल क्रमांक विचारतो, कधी ओटीपी पाठवतो. तो ओटीपी जातो मूळ सदस्याला. मग दलालाला शोधा, दलालाने सदस्याला शोधावे, त्याने फोन उचलावा आणि बदलासाठी माइल्सच्या कोट्यात दुसरी जागा असावी. हे सगळे जुळले तर तारीख बदलते. आणि उलट बाजूने पाहिले तर सदस्य किंवा दलाल आपल्याला न विचारता तिकीट रद्द करून माइल्स परत घेऊ शकतो. तो असे करील असे मी म्हणत नाही. पण दोघांचे पैशांवरून भांडण झाले, तर त्या भांडणात आपले तिकीट ओलीस राहते.

प्रवास विम्याचा आधारही येथे तोकडा पडतो. तिकिटासाठी किती रक्कम भरली त्याची पावती दाव्यासोबत मागितली जाते आणि आपल्या ई-तिकिटावर आकडा असतो फक्त कराचा. याला एक अपवाद सांगितला पाहिजे. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम माइल्सवरील तिकिटांनाही लागू होतो, त्यामुळे त्या नियमात बसणारे विमान रखडले तर भरपाईचा हक्क प्रवाशालाच असतो. पण त्यासाठीही तिकीट त्या घडीला जिवंत असावे लागते.

आता दलाल मांडतात तो हिशेब पाहू. समजा परतीच्या बिझनेस क्लासचा कंपनीचा दर २,४०,००० रुपये आहे आणि दलाल ते तिकीट १,४०,००० ला देतो. म्हणजे वाचले एक लाख. ऐनवेळी तिकीट रद्द झाले आणि त्याच दिवशीचे तिकीट ३,००,००० ला घ्यावे लागले, तर एकूण खर्च ४,४०,००० होतो, म्हणजे सरळ तिकिटापेक्षा दोन लाख जास्त. दलाल म्हणतो, “साहेब, तीनांत एक तिकीट रद्द झाले तरच तुमचा तोटा, आमच्याकडे शंभरात एखादे होते.” गणित म्हणून ते चुकीचे नाही, आणि वर्षाला वीस वेळा एकटा फिरणारा माणूस त्या हिशेबावर खेळूही शकतो. पण बहुतेक मराठी कुटुंबे अशी तिकिटे आयुष्यात एकदा-दोनदा घेतात, आणि तीही चार जणांची एकत्र. एकाच खात्यातून निघालेली चार तिकिटे एकाच क्षणी रद्द होतात. तेव्हा तीन लाख नव्हे, तर बारा लाख उभे करावे लागतात, तेही रात्री दोन वाजता सहारच्या टर्मिनल २ वर. तेथे विमानतळाच्या दारातच सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतो. आत गेल्यावर काउंटरवर तिकीट सापडत नाही, आणि बाहेर सोडायला आलेली मंडळी अजून हात हलवत उभी असतात. मुलाच्या विद्यापीठाची हजर होण्याची तारीख, लग्न, बाळंतपण, शस्त्रक्रिया अशा कारणांसाठी प्रवास असेल तर माझ्या मते हे तिकीट मुळीच घेऊ नये. तेथे चुकलेल्या दिवसाची किंमत रुपयांत मोजताच येत नाही.

तिसरी पायरी: तरीही घ्यायचेच असेल तर विक्रेत्याला अडवून विचारायचे प्रश्न

मी हा सल्ला देत नाही, पण लोक घेतात हे ठाऊक आहे, म्हणून निदान उघड्या डोळ्यांनी घ्यावे. तिकीट माइल्सचे आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी मागावे. व्हॉट्सॲपचा संदेशही चालेल. कोणत्या कार्यक्रमाचे आणि कोणाच्या खात्यातून, हे विचारावे. नाव सांगायला तो तयार नसेल, तर माइल्स विकत घेतलेले आहेत की चोरलेले, हे कळायला आपल्याकडे काही मार्ग नाही. कंपनीने तिकीट रद्द केले तर तो पूर्ण रक्कम परत देणार की फक्त न वापरलेला भाग, आणि किती दिवसांत, हेही लिहून घ्यावे. “असे कधी होतच नाही” हे उत्तर धरू नये.

दोन स्वतंत्र एकेरी तिकिटे मागावीत आणि ती शक्यतो वेगवेगळ्या खात्यांतून असावीत. त्याहून बरे म्हणजे परतीचे तिकीट थेट कंपनीकडूनच काढावे, कारण परदेशात अडकण्याचा धोका त्या एका निर्णयाने टळतो. शिवाय अनेक देशांत प्रवेश करताना परतीचे तिकीट विचारले जाते, तेव्हा ते खणखणीत असलेले बरे. पैसे क्रेडिट कार्डाने आणि जीएसटी क्रमांक असलेल्या पावतीवर द्यावेत. विक्रेता रोख रक्कम किंवा कोणा तिसऱ्याच्याच यूपीआय खात्यावर पैसे मागत असेल तर तेथेच उठावे.

पासपोर्टची प्रत देताना विशेष जपावे. तिकिटासाठी पासपोर्टप्रमाणे नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि मुदत एवढे पुरते. आधार आणि पॅन कशासाठी हवे, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. काही कार्यक्रमांत ठरावीक नॉमिनींसाठीच, म्हणजे सदस्याने आधी नोंदवलेल्या माणसांसाठीच, तिकीट काढता येते. उदाहरणार्थ क्रिसफ्लायरमध्ये सदस्याला पाच नॉमिनी नेमता येतात. अशा ठिकाणी दलाल आपले नाव अनोळखी माणसाच्या खात्यावर नॉमिनी म्हणून चढवतो. कधी आपल्याच नावाने सदस्य खाते उघडून ते तो स्वतः चालवतो. पुढे आपण खरोखर सदस्य व्हायला जातो तेव्हा “या नावाचे खाते आधीच बंद करण्यात आले आहे” असे उत्तर मिळते.

आणि एक. “काउंटरवर विचारले तर मामाने तिकीट काढून दिले असे सांगा,” अशी पढवणी विक्रेता करीत असेल, तर व्यवहार तेथेच मोडावा. त्याला स्वतःच्या मालाबद्दल काय वाटते, ते त्या एका वाक्यात येते. शिवाय विमान कंपनीच्या किंवा इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला खोटी माहिती दिल्याचा दोष मग दलालाकडे राहत नाही, तो आपल्या नावावर येतो.

चौथी पायरी: तिकीट आधीच घेतलेले असेल तर

घाबरून कंपनीला फोन करून सगळी हकीकत सांगण्याआधी तिकीट जिवंत आहे का ते पाहावे. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पीएनआर आणि आडनाव टाकून तिकीट क्रमांक दिसतो का ते तपासावे. भागीदार कंपनीच्या विमानासाठी अनेकदा दुसरा पीएनआर असतो, तोही विक्रेत्याकडून मागून घ्यावा. शक्य असेल तर संपर्कासाठी आपला मोबाइल क्रमांक आणि ईमेल तेथे घालावा, नाहीतर वेळ बदलल्याचा संदेश दलालाला जातो आणि तो सांगायला विसरतो. पुढे दर आठवड्याला, आणि प्रवासाच्या आधीचे तीन दिवस रोज, हेच तपासावे. परदेशात असताना परतीच्या तिकिटाबाबतही हा नेम सोडू नये. साडूंनी तीन महिन्यांत एकदाही पाहिले नव्हते. तिकिटे परतीच्या बारा दिवस आधीच रद्द झाली होती, हे नंतर कळले. बारा दिवस आधी कळते तर निम्म्या दरात दुसरी तिकिटे मिळाली असती.

पर्यायी तिकिटाची तरतूद करून ठेवावी, म्हणजे कार्डावर तेवढी मर्यादा मोकळी ठेवावी आणि त्या मार्गावर आणखी कोणती विमाने आहेत ते लिहून ठेवावे. पीएनआर किंवा बोर्डिंग पासचे छायाचित्र नातेवाइकांच्या गटावर टाकू नये. पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर कोणीही आपल्या आरक्षणात शिरू शकतो.

पाचवी पायरी: तिकीट रद्द झालेच तर

विमानतळावरील कर्मचाऱ्याशी वाद घालून काही निष्पन्न होत नाही, त्याच्या हातात काही नसते. त्याच्याकडून किंवा कंपनीकडून तिकीट कोणत्या कारणाने रद्द झाले ते ईमेलवर लेखी घ्यावे. हा एक कागद पुढे सगळीकडे लागतो. तिकीट फक्त अटींच्या भंगामुळे रद्द झाले असेल तर आपला वाद विक्रेत्याशी आहे. एअरसेवा या सरकारी तक्रार व्यवस्थेवर विमान कंपनीविरुद्ध तक्रार नोंदवता येते, पण कंपनी आपल्या अटींकडे बोट दाखवील हे धरूनच चालावे.

विक्रेत्याला आधी लेखी नोटीस द्यावी. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तेथे ५० लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे चालतात, पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. माइल्स किंवा कार्ड चोरीचे असल्याचे कळले, किंवा विक्रेता फोन बंद करून पसार झाला, तर मात्र हा फौजदारी मामला होतो. अशा वेळी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तत्काळ फोन करावा, कारण पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात सायबर पोलीस ठाणे आहे, आणि नजीकच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीसंबंधीचे कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ क व ६६ ड ही कलमे अशा प्रकरणांत लागू होऊ शकतात. तक्रारीसोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, संभाषण, पैसे भरल्याचा व्यवहार क्रमांक, ई-तिकीट आणि कंपनीचा ईमेल एवढे जोडावे.

मग स्वस्तात जायचे तरी कसे

माइल्सचा फायदा घेण्याचे सरळ मार्ग आहेत. मुलगा, मुलगी, भाऊ यांच्या खात्यात माइल्स असतील तर त्यांनी स्वतः, स्वतःच्या कार्डाने कर भरून, आपले तिकीट काढावे. नॉमिनीची अट असलेल्या कार्यक्रमांत नाव आधीच नोंदवून ठेवावे. आपलेच पॉइंट थोडे कमी पडत असतील तर अनेक कंपन्या स्वतः माइल्स विकतात आणि वर्षातून काही वेळा त्यांवर बोनसही देतात. अशा माइल्सवर काढलेले तिकीट रद्द झाले तर ते आपल्याच खात्यात परत येतात. मात्र आधी जागा आहे का ते पाहावे आणि मगच माइल्स घ्यावेत. उलट क्रम केलेल्यांचे माइल्स मुदत संपेपर्यंत पडून राहिलेले मी पाहिले आहेत.

ज्यांच्याकडे पॉइंट साठले आहेत आणि ज्यांना “तुमचे पॉइंट आम्ही रोखीने घेतो” असे फोन येतात, त्यांनीही हे ध्यानात घ्यावे, की खाते बंद झाले तर उरलेले माइल्स त्यांचेच जातात. त्यांच्या खात्यातून चोरीच्या कार्डाने कर भरला गेला असेल, तर पोलीस पहिल्यांदा त्यांच्याच दारात येतात.

साडूंनी परत आल्यावर तिकीटवाल्याला वकिलामार्फत नोटीस पाठवली. त्याने दोन हप्त्यांत चाळीस हजार दिले आणि मग फोन उचलणे बंद केले. पैसे त्याच्या मेव्हण्याच्या यूपीआय खात्यावर गेले होते आणि पावतीवर दुकानाचे नाव नव्हते, त्यामुळे व्यवहार नेमका कोणाशी झाला हेच आता ग्राहक आयोगापुढे सिद्ध करावे लागत आहे. पुढची तारीख गणपतीनंतरची आहे.